पत्रीवरचं औषध

लिंगम्मा सहसा कशाला भिणारी बाई नव्हती. रझाकारांच्या धामधुमीत भालकीतली निम्मी गल्ली दारांना कड्या घालून बसली होती, तेव्हाही ही परसात जाऊन झाडांना पाणी घालून यायची आणि वर म्हणायची, ‘झाडाला काय कळतंय राज्य कुनाचं हाय!’ निजाम गेला, तहसिलीवर दुसरा झेंडा लागला, त्यालाही आता पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. आणि अशा निवांत दिवसांत, ऐन वैशाखात, तिला भीती घातली ती डोळ्याला धड न दिसणाऱ्या एका किड्यानं.

तो किडा आधी ओसरीवरच्या डब्यांत शिरला. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत माती भरून लिंगम्मानं मरवा, गुलाब आणि मोगरा लावला होता. ओसरीवर ऊन येतं, झळा येतात, पाऊस तेवढा येत नाही. त्यामुळं तिथली पानं कायम धुळकट. पहिल्यांदा मरव्यावर सुईनं टोचल्यासारखे पिवळट ठिपके दिसले. मग गुलाबाची पानं निस्तेज झाली, तांबूस पडली, आणि एके सकाळी शेंड्याभोवती इतकं बारीक जाळं दिसलं की लिंगम्माला आपल्याच डोळ्यांचा संशय आला. तिनं एक पान पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर झटकलं. फडक्यावर लाल भुकटी पडली, आणि ती भुकटी चालायला लागली.

"लाल कोळी हाय त्यो," तिचा भाऊ सिद्धलिंगप्पा म्हणाला. त्याचा गावाबाहेर उसाचा आणि भाजीचा मळा होता, त्यामुळं किड्यांची नावं सांगायला त्याला फार आवडे. "ऊन वाढलं की ह्येचं घरदार वाढतंय."

गुलाब मेला असता तरी लिंगम्मा दोन शिव्या देऊन गप्प बसली असती. पण मोकळ्या हवेत झाडं सुधारतील म्हणून तिनं डबे परसात हलवले होते, ते नेमके बेलाखाली. थोड्याच दिवसांत बेलाच्या खालच्या फांद्यांवर तेच पिवळे ठिपके आले. त्या दिवशी लिंगम्माला जेवण गेलं नाही.

बेलाचं एवढं काय, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं. सिद्धलिंगप्पाची एकुलती लेक शिवगंगा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई ती रांगत असतानाच गेली, आणि नवरा वारल्यावर भावाकडं आलेल्या लिंगम्मानं, म्हणजे आत्यानंच, तिला लहानाची मोठी केली. तिला राजेश्वर गावच्या मोठ्या घरात दिलं होतं. तिथं तिचे दोन गर्भ गेले. पहिल्या खेपेला सासू चन्नव्वा (शिवगंगा त्यांना अव्वा म्हणे) म्हणाल्या, पोरीनं कच्ची पपई खाल्ली असणार. दुसऱ्या खेपेला काय खाल्लं ते चन्नव्वांना सापडलं नाही, म्हणून तिनं चोरून खाल्लं असं त्यांनी ठरवून टाकलं. आता हे तिसरं होतं, आणि ते आठव्या महिन्यापर्यंत आलं होतं.

लिंगायताच्या घरी बाईला आठवा लागला की पोटातल्या लेकराला लिंग देतात. जन्माला यायच्या आधीच. गुरू येतात, लहानसं लिंग पत्रीवर ठेवून त्याला पाण्यानं न्हाऊ घालतात, मंत्र म्हणतात आणि ते आईच्या अंगावर बांधतात. लेकरू बाहेर आलं की ते त्याच्या गळ्यात जातं. लिंगावरून पत्रीवर आणि पत्रीवरून वाटीत ओघळलेलं पाणी म्हणजे तीर्थ. ते आधी गुरू घेतात, मग आई, मग घरातली माणसं. त्याचा एक थेंबसुद्धा जमिनीवर सांडू द्यायचा नसतो. शिवगंगाच्या पहिल्या दोन खेपांना हा दिवस आलाच नव्हता.

पत्री म्हणजे बेलाचं तीन पानांचं दळ. ते अखंड लागतं, हिरवं लागतं. किडकं, ठिपक्याचं लिंगाला चालत नाही. गुरुपादय्या, म्हणजे घराचे गुरू, ज्यांना सगळे अय्या म्हणत, सगळीकडं आपल्या झोळीतून मठातलीच पत्री घेऊन जात. पण दुसरा गर्भ गेला त्या दिवशी लिंगम्मानं परसातल्या बेलाला हात लावून नवस केला होता, की तिसऱ्याला आठवा लागू दे, पत्री तुझीच वाहीन. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून तिनं तो कुणालाच सांगितला नाही. आणि आता त्याच बेलाला कोळी लागला होता. बेल गेला तर लेकरूही जाणार, असं तिच्या मनानं घेतलं. ते खुळेपण आहे हे तिला कळत होतं, पण कळून भीती जात नाही.

मग ती हात धुऊन कोळ्याच्या मागं लागली. किडा पानाच्या पोटाला राहतो हे तिला दिसलं होतं, म्हणून रंगपंचमीची पितळी पिचकारी काढून ती सकाळ-संध्याकाळ खालून वर पाणी मारायची. जास्त लागलेल्या फांद्या तोडून चुलीत घालायची. शिडीवर चढून ओल्या फडक्यानं एकेक पान मागून पुसायची. कुणी तंबाखूचं पाणी सांगितलं, तिनं मारलं. कडुलिंबाचा पाला उकळून मारला, आंबट ताक मारलं. पाण्यानं किडा कमी व्हायचा, हे खरं. पण दोन दिवस पाव्हणेरावळे करण्यात गेले की पुन्हा फडक्यावर भुकटी चालायला लागायची. कार्यक्रमाचा दिवस ठरला तेव्हा झाडाच्या वरच्या फांद्या तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या, आणि जाळं रोज थोडं थोडं वर सरकत होतं.

सिद्धलिंगप्पानं एक दिवस तपकिरी बाटली आणून ओसरीवर ठेवली. हैदराबादेच्या कुण्या ओळखीच्यानं त्याला ती उसासाठी दिली होती.

"अक्का, हे बघ. मळ्यात एक हात मारला, सगळी कीड साफ. तुझा कोळी कोन्या झाडाचा पाला हाय?"

लिंगम्मानं बाटलीला हात लावला नाही. कागदावर कवटी होती, खाली दोन हाडं.

"ह्येच्यावर मढ्याचं डोस्कं कामून काढलंय?"

"इषारी असतंय म्हनून. जपून वापरलं तर मानसाला काई होत न्हाई."

"आठवा लागलेली पोर घरात हाय, अन् तू मढ्याचं डोस्कं घेऊन आलायस व्हय? उचल ती बाटली. माझ्या बेलाला हात लावशील तर बघ!"

पन्नाशीचा बाप्या, पण अक्कापुढं त्याची बोलती बंद व्हायची. त्यानं बाटली उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लिंगम्मा गल्लीत बायकांना आवतण द्यायला गेली. सिद्धलिंगप्पा परसात आला आणि वर बघत उभा राहिला. जाळं वरच्या फांद्यांना भिडलं होतं. उद्या राजेश्वरची माणसं येणार, आणि अक्का बेलापायी रात्र रात्र झोपत नव्हती. त्यानं बाटली काढली. औषध टोपणानं मोजून घ्यायचं असतं. त्यानं ते नजरेनंच मोजलं, आणि काम एका झटक्यात व्हावं म्हणून आणखी थोडं ओतलं. तोंडाला पंचा बांधला आणि पिचकारीनं सगळा बेल खालून-वरून भिजवून काढला.

शिवगंगा मागल्या दारात उभी राहून बघत होती.

"गंगा, ह्या झाडाचं काई तोंडात घालू नको बरं का," तो म्हणाला. "पंधरा दिवस तरी."

शिवगंगा हसली. "बेलाचा पाला कोन खातंय, अप्पा? मी काय शेळी हाय?"

"अन् आत्याला सांगू नको. वरडंल."

"न्हाई सांगत."

बाप आणि लेक, दोघांच्याही गळ्यात लिंग होतं. दोघंही रोज पत्री वाहून तीर्थ घेत; बेलाला कोळी लागल्यापासून ती पत्री मठातून यायची, एवढंच. पण पत्री ही खाण्यापिण्याची वस्तू आहे असं कुठल्या लिंगायताच्या मनात येतं? पत्री देवाची असते. म्हणून सांगणाऱ्याला ते सुचलं नाही आणि ऐकणारीलाही नाही. शिवाय उद्याची पत्री अय्यांच्या झोळीतून येणार, हे सिद्धलिंगप्पानं गृहीतच धरलं होतं. त्या रात्री त्याचं डोकं गच्च झालं, मळमळलं. उन्हानं असेल म्हणून तो ताक पिऊन झोपला.

सकाळी लिंगम्मा आंघोळ करून ओलेत्यानं बेलापाशी गेली. पान झटकलं, फडक्यावर लाल भुकटी पडली. ती चालेना. दुसरं पान झटकलं, तिसरं झटकलं. भुकटी जागच्या जागी पडून राहिली. लिंगम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आदल्या सकाळी तिनं आंबट ताक मारलं होतं, ते लागू पडलं अशी तिची खात्री झाली. शिडीवर चढून तिनं वरच्या फांद्यांची हिरवी, अखंड दळं खुडली, पाण्यातून एकदा काढली आणि पितळी ताम्हनात रचून ठेवली. इतक्या दिवसांनी तिला भूक लागली.

राजेश्वरची माणसं सकाळच्या मोटारीनं आली. चन्नव्वा सगळ्यांच्या पुढं. उंच, रुंद हाडाच्या बाई. बोलायच्या आधी त्या पदर खोचायच्या, आणि त्यांनी पदर खोचला की त्यांच्या घरात भांडीसुद्धा वाजत नसत. आल्या आल्या त्यांनी शिवगंगाला उजेडात उभं करून खालवर बघितलं.

"खायला-प्यायला काय द्यायलाव पोरीला?"

"सगळं तुमच्या सांगन्यापरमानं, विहीनबाई," लिंगम्मा म्हणाली. ती ह्या बाईला भीत नव्हती, पण शिवगंगा भीत होती, आणि त्यामुळं लिंगम्मालाही सांभाळून बोलावं लागे.

केळीची पानं कमी पडली म्हणून सिद्धलिंगप्पा मळ्याकडं गेला. मुहूर्त जवळ आला, अय्या म्हणाले थांबायचं नाही. ते झोळीकडं हात नेत होते तेवढ्यात लिंगम्मानं ताम्हन पुढं केलं. "अय्या, पत्री घरची हाय. माझा नवस हाय." म्हाताऱ्या गुरुपादय्यांनी एक दळ उजेडात धरून बघितलं आणि मान डोलावली. झोळी खुंटीलाच राहिली.

माजघरात गर्दी झाली. कापूर, विभूती, माणसांचा घाम, सगळ्याचा मिळून एक वास. अय्यांनी पत्रीवर लिंग ठेवलं, पाण्याची धार धरली, पुन्हा पत्री, पुन्हा धार. मग लिंग शिवगंगाच्या पोटाला टेकवलं आणि ‘ओम् नमः शिवाय’ म्हणत कापडात बांधलं. तिनं डोळे मिटले होते. अय्यांनी वाटीतलं तीर्थ ओंजळभर घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि वाटी शिवगंगाच्या हातात दिली.

नेमका तेव्हाच सिद्धलिंगप्पा केळीच्या पानांचा भारा घेऊन दारात आला. त्याची नजर ताम्हनाकडं गेली, मग खुंटीवरच्या झोळीकडं.

"अक्का, पत्री कुठली?"

"आपल्या बेलाची," लिंगम्मा म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो काही आनंद होता तो पुन्हा कधी आला नाही.

भारा खाली पडला. "गंगा! पिऊ नको! खाली घे ती वाटी!"

शिवगंगाची वाटी ओठाला लागलेली होती. तिनं ती खाली घेतली. सगळं घर सिद्धलिंगप्पाकडं बघायला लागलं.

"काय झालं वरडायला?" चन्नव्वांनी पदर खोचला.

त्यानं परसाकडं हात केला. बेल, औषध, बाटली, एवढेच शब्द सुटे सुटे बाहेर पडले. पण तेवढ्यात सगळं कळलं. लिंगम्माला एकदम थंडी वाजली. वैशाखाच्या दुपारी तिचे दात वाजायला लागले. चालायची थांबलेली ती भुकटी तिच्या डोळ्यांपुढं आली.

"म्या तर घेतलंय," अय्या हळूच म्हणाले.

चन्नव्वा शिवगंगाकडं वळल्या. "तू घेतलंस का गं?"

"न्हाई," शिवगंगा म्हणाली. "ओठालाबी लागलं न्हाई."

लिंगम्मा तिच्या समोरच बसली होती. तिनं शिवगंगाचा गळा हललेला बघितला होता. की बघितला नव्हता? पोरगी म्हणते नाही, तर नाहीच असेल. तिला ते खरं हवं होतं, इतकं हवं होतं की तिनं लगेच तोंड उघडलं नाही.

आता वाटीतल्या तीर्थाचं काय करायचं, हा घोळ सुरू झाला. सांडायचं नाही, प्यायचं नाही, ठेवायचं तरी कुठं? कुणी म्हणे विहिरीत, दुसरा म्हणे विहिरीत घालून गाव मारतोस काय. शेवटी अय्याच म्हणाले, "खड्डा काढा अन् पुरा. पाप-बिप काई न्हाई." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, त्यामुळं लोकांना जरा धीर आला.

पण तो धीर टिकला नाही. सिद्धलिंगप्पानं सांगितलं की ह्या औषधाला लसणासारखा वास येतो, आणि हे बाधलं तर माणसाला दरदरून घाम सुटतो. झालं! सकाळपासून लसणाची चटणी वाटलेल्या बायका आपलेच हात हुंगून रडायला लागल्या. घाम तर सगळ्यांनाच सुटलेला. जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडं बघत होता. एरवी लिंगम्मानं सगळ्यांची चेष्टा केली असती. आता ती फक्त अय्यांकडं आणि शिवगंगाकडं बघत होती, आळीपाळीनं.

अय्या ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, बघवत नव्हतं.

"दिवा लावा रे," ते म्हणाले. "अंधार कामून केलाव?"

कुणीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवून बघितला.

"दिसंना झालंय मला," अय्या म्हणाले. आता त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. तोंडातून लाळ गळत होती, ती त्यांना पुसता येईना. मग त्यांना ओकारी झाली. सिद्धलिंगप्पा चप्पल न घालता सरकारी दवाखान्याकडं पळाला.

लिंगम्मानं शिवगंगाचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. हात घामानं ओला होता आणि गार होता.

"खरं सांग."

शिवगंगा तिच्याकडं बघेना. सारखी थुंकी गिळत होती. "एक घोट गेला, आत्या. मोठा."

"मग न्हाई कामून म्हनलीस, भवाने?"

"अप्पानं मला सांगितलं हुतं औषध मारलंय म्हनून. मला ठाव हुतं, आत्या. अव्वा म्हनतील, ठाव असून पिली. म्हनतील हेबी मीच खाल्लं." ती आता थरथरत होती. "तू सांगू नको कुनाला. तुझ्या पाया पडते. एकच घोट हाय, जिरून जाईल."

लिंगम्मानं तिला लहानपणापासून कधी दगा दिला नव्हता. चोरून खाल्लेला गूळ असो की फोडलेली घागर, पोरीनं सांगू नको म्हटलं की विषय संपला. आज तिचा शब्द पाळायचा तर लेकरू जाणार, कदाचित पोरही जाणार. मोडायचा तर ही पोर त्या घरात जन्मभर मान खाली घालून राहणार. लिंगम्मानं शिवगंगाचे हात आपल्या हातातून सोडवले आणि ती थेट माजघरात चन्नव्वांपुढं जाऊन उभी राहिली.

"विहीनबाई, तिनं घोट घेतलाय. तुमच्या भ्यानं न्हाई म्हनायलीय. काय बोलायचं ते मला बोला, मागनं. आधी पोर वाचवा."

चन्नव्वांनी पदर खोचला नाही. चुलीपाशी गेल्या, तांब्यात पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकून हातानं ढवळलं आणि खोलीत शिरल्या. शिवगंगा त्यांना बघून भिंतीला चिकटली.

"पी."

"अव्वा, माझी चूक—"

"पी म्हनते न्हवं!"

शिवगंगा प्यायली, पण वर येईना. चन्नव्वांनी तिची मान धरली आणि तिला मोरीवर वाकवलं.

"अव्वा, तीर्थ हाय ते," शिवगंगा रडत म्हणाली. "लेकराच्या लिंगाचं. ते मोरीत कसं..."

"तोंड उघड. पाप लागंल ते मला लागंल." आणि त्यांनी आपली दोन बोटं तिच्या घशात घातली.

दारात उभ्या असलेल्या बायकांनी तोंडावर हात घेतले. तीन पिढ्यांत कुणी तीर्थाचा थेंब सांडला नव्हता, आणि ही राजेश्वरची मालकीण गुरू ओसरीवर असताना ते मोरीत पाडत होती. चन्नव्वांनी मागं वळूनही बघितलं नाही. पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा बोटं घातली, शिवगंगाच्या पोटात काही उरेनासं होईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी अय्यांना सुई दिली, मग शिवगंगाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, नाडी धरली, तिलाही सुई दिली. पोट लगेच रिकामं केलं ते बरं झालं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाळ हलतंय का?"

एवढ्या गोंधळात हे कुणी विचारलंच नव्हतं.

"सकाळी हललं हुतं," शिवगंगा म्हणाली. "तीर्थाच्या आधी."

"आणि नंतर?"

तिनं नुसतं चन्नव्वांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले की सुईनं आईला उतार पडेल, पुढचं वाट बघूनच कळेल. ते ओसरीवर अय्यांपाशी जाऊन बसले, आणि घरात वाट बघणं सुरू झालं. आजवर लिंगम्मा जेवढी भ्याली होती ती सगळी भीती एकत्र केली तरी ह्या दुपारची सर तिला आली नसती. पाव्हणे एकेक करून निघून गेले. चुलीवरचं जेवण तसंच राहिलं. अय्यांना हळूहळू दिसायला लागलं. समोरच्या भिंतीवरची खुंटी दिसते म्हणून ते सारखं सांगत होते, पण त्याचा आनंद करायला कुणी मोकळं नव्हतं.

सिद्धलिंगप्पा परसात बेलाखाली बसून होता. लिंगम्मा त्याला बघून आली. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि त्याच्या शेजारी बसून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. "आत चल," एवढंच म्हणाली. तो उठला नाही.

आत शिवगंगा कुशीवर निजली होती. चन्नव्वा तिच्या उशाशी बसल्या होत्या, एक हात तिच्या पोटावर ठेवून. त्यांच्या नाकातून आवाज येत होता, तो रडण्याचा आहे हे लिंगम्माला जरा वेळानं कळलं. ह्या बाईला रडता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली. ऊन भिंतीवरून उतरलं. शेजारच्या घरातली गुरं परत आली. पोटावरचा हात जागचा हलला नाही, आणि पोटही नाही.

मग शिवगंगानं एकदम श्वास घेतला.

"हललं?" लिंगम्मानं विचारलं.

चन्नव्वांनी मान डोलावली. त्यांच्या तळहाताखाली एक ढुशी बसली होती, आणि त्या काही म्हणायच्या आत दुसरी बसली. लिंगम्मा "सिद्धा! सिद्धा रे!" असं ओरडत, धडपडत परसाकडं पळाली.

खोलीत सासू-सून दोघीच राहिल्या.

"गंगे," चन्नव्वा म्हणाल्या. "इष पोटात गेलंय हे कळूनबी तू गप बसलीस. लेकरू जाईल हे कळत हुतं न्हवं?"

"व्हय."

"तरीबी मलाच जास्ती भ्यालीस?"

शिवगंगानं आजवर ह्या बाईला खरं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"व्हय, अव्वा."

चन्नव्वांनी मान खाली घातली. पोटावरचा हात काढावा की ठेवावा हे त्यांना कळेना झालं. शेवटी त्यांनी तो उचलला आणि विचारलं, "ठिवू का?"